वहिवाट

म्हापशाच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
दीड खुर्चीची माझी जागा.
पोर्तुगीज दस्त येतात माझ्याकडे,
अर्धे वाळवीने आधीच वाचलेले;
उरलेले मी वाचतो.
पानामागे ठरलेला दर, शब्द सोपा असो की अवघड.

यंदा हळदोण्याच्या खाजनाचा दावा आला.
मानशीची पावणी आंजेलिकाने घेतली होती,
बांगड्या गहाण ठेवून.
अमावास्येच्या भरतीला तिने रात्री फळ्या उचलल्या,
जाळ्यात सुंगटं आली, शेवटो आले,
आणि अकरा घरांच्या कोरगुटात
खारं पाणी आठ दिवस बसून राहिलं,
निघायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
आंजेलिकाकडे पावती होती, शिक्क्याची.
तिचंही खोटं नव्हतं.

न्यायाधीश केपेच्या, वयाने लहान.
त्यांनी विचारलं:
भरतीला फळ्या उचलू नयेत, हे कुठे लिहिलंय?

वकिलांनी आपापली पुस्तकं काढली.
एकाने विधानसभेचा कायदा, कडा अजून कोऱ्या.
एकाने राजाच्या काळचा कोड;
राजा गेला, त्याच्या देशातही तो कोड बदलला,
इथे मात्र त्याची काही पानं
जावयासारखी मुक्कामाला राहिली.
एकाने वरच्या कोर्टाचा निकाल,
दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच पाण्याचा.
राज्यघटना कुणी काढली नाही.
ती छताच्या पंख्यासारखी
सगळ्यांच्या डोक्यावर होतीच,
कुरकुरत, पण फिरत.

मग म्हाबळू मानशेकार उभा राहिला, काठी टेकून.
"लाकडार, बाये," म्हणाला.
लाकडावर लिहिलंय.
चौथ्या फळीवर पटाशीची खूण आहे,
पाणी तिच्या वर दिसलं की हात लावायचा नाही.
कुणी केली, ठाऊक नाही.
फळी कुजते, नवी बसते,
पण सुतार आधी खूण उतरवून घेतो,
मग मजुरी मागतो.

कोर्टात कुणी हसलं नाही.
स्टेनोची बोटं तेवढी थांबली;
काठीच्या टोकाने हवेत ओढलेली रेघ
कोणत्या अक्षरात टिपायची?

जुन्या दस्तात एकच ओळ होती त्याबद्दल,
आणि ओळीत एकच शब्द.
कोर्टाला इंग्रजीत प्रत हवी होती, ती दिली.
शेतकऱ्यांना मराठीत हवी, तिथे अडलो.
रूढी लिहिलं, तर शब्द टोपी घालून बसला.
रीत लिहिलं, ती थेट लग्नाच्या मांडवात गेली.
चाल तर नुसती चालूच लागली.
दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी लिहिलं: वहिवाट.
व्युत्पत्ती पंडितांनी बघावी,
मला त्यात वही दिसली, आणि वाट.
आधी पाय पडतात, मग कुणीतरी लिहून ठेवतं;
कधी उलटंही होतं,
आधी वही येते, आणि पायांना
तिच्यावरून चालायला पिढ्या लागतात.
बायकांना अर्धा वाटा वहीत केव्हाचा आहे.
सही करताना भावाकडे बघणाऱ्या बहिणी
मी याच खुर्चीवरून पाहिल्या आहेत.

जागेची पाहणी झाली.
न्यायाधीश बांधावर चपला काढून उतरल्या,
चौथ्या फळीवरचं शेवाळ अंगठ्याने खरवडलं,
खाचेत बोट घातलं.
कारकुनाने लिहून घेतलं: खूण आढळली.
आंजेलिका बाजूलाच उभी होती.
तिनेही वाकून पाहिली, पहिल्यांदाच,
आणि विचारलं, हे मला पावणीच्या दिवशी
कुणी का नाही सांगितलं?
याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
म्हाबळू पाण्याकडे बघत राहिला.

निकाल अजून यायचा आहे. तारीख पडली, पुन्हा पडली.
परवा अमावास्या होती,
मी रात्री मुद्दाम तिकडून आलो.
फळ्या खाली होत्या.
मानशीपाशी कंदील, आणि कंदिलापाशी
म्हाबळू आणि आंजेलिका, दोन दगडांवर,
एकमेकांशी न बोलता.
पाणी खुणेच्या वर चार बोटं.
कुणाच्या हुकुमाने, ते मी विचारलं नाही.